तिसरे पॅराशूट उघडले नाही, तेव्हा

झाँसी म्हटले की आपल्याला राणी आणि किल्ला आठवतो. त्याच झाँसीच्या दक्षिणेला बबीना येथे लष्कराचे गोळीबार-सरावाचे मैदान आहे. 18 नोव्हेंबर 2022 रोजी इस्रोने तेथे गगनयानाच्या (भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेच्या) पॅराशूटची चाचणी घेतली. तीन मुख्य पॅराशूटांपैकी एक उघडलेच नाही तर काय होईल, हे पाहायचे होते. अशी बातमी मोबाइलवर हातोहात फिरताना तिचे सहज ‘पॅराशूट फसले’ होऊन बसते. ते खरे नाही.

या चाचणीमागचे तत्त्व म्हणजे रिडंडन्सी (एखादा भाग निकामी झाला तरी काम अडू नये म्हणून ठेवलेली जादा सोय). अंतराळवीरांना सुखरूप उतरवायला दोन मुख्य पॅराशूट पुरतात, तिसरे जादा. घरी इन्व्हर्टर तपासायचा तर आपण मेन स्विच स्वतःच बंद करतो. त्याला कोणी ‘वीज गेली’ म्हणत नाही.

बबीनात आयएल-76 विमानाने सुमारे अडीच किलोमीटर उंचीवरून पाच टनांचे नकली वजन खाली सोडले. आधी दोन छोटी पायलट पॅराशूट (मोठ्यांना बाहेर खेचणारी) उडाली, मग दोन मुख्य उघडली. दोन-तीन मिनिटांत वजन सुरक्षित वेगाने जमिनीवर आले. माणूस बसवण्याआधी मुद्दाम बिघाड घडवून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग, आणि म्हणून अशा चाचण्या पुन्हा पुन्हा होतात.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर बिघाड झाला की घडवला, एवढे पाहून मगच ती पुढे पाठवावी.