खेळातही वेस आहे, वेशीबाहेर वस्ती आहे!

संगणकावरचे खेळ हा आंबेडकरी वृत्तपत्रातल्या लेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. पोरे रात्र रात्र मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतात, अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, हे सर्व खरे आहे व त्यावरून घरोघर भांडणे होतात. ती भांडणे आम्ही येथे मांडणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या करमणुकीत आमचा तरुण तासन् तास रमतो, त्या करमणुकीत माणसाची किंमत जन्मावरून ठरते की कर्तृत्वावरून, हे तपासणे चळवळीचे काम आहे. आपण पाठ्यपुस्तके तपासली, नाटक-सिनेमा तपासला, दूरदर्शनवरच्या पौराणिक मालिकांची चिरफाड केली. मग हा नवा प्रांत कोणासाठी मोकळा सोडायचा?

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे गाव. 'दक्षिण काशी' म्हणून त्याचा डंका पिटला जातो. केदारेश्वराच्या घाटावर अस्थी घेऊन लोक येतात, पिंड पडतात, दक्षिणा मोजली जाते. परंतु याच गावच्या पांढरीच्या टेकाडात १९५५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा वस्तीचे चार कालखंड हाती लागले आणि सर्वांत खालचा ताम्रपाषाण काळातला निघाला. म्हणजे गावाला काशीचे नाव चिकटण्याच्या कितीतरी आधी येथे माणसे राहत होती, मडकी घडवत होती. हे येथल्या मुलांना शाळेत सांगितले जाते की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या गावात काही तरुण-तरुणींशी आमच्या गप्पा झाल्या. कोणी बौद्ध, कोणी भिल्ल समाजाचे. एक नाशिकला शिकतो, एक शहाद्याला दुकानात काम करतो, एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बहुतेकांच्या हातात मोबाईलवरचे गोळीबाराचे खेळ होते. दोघा-तिघांनी मात्र जुन्या संगणकावर 'स्कायरिम' नावाचा खेळ महिनोन् महिने खेळला होता, आणि तो विषय निघताच जी चर्चा रंगली, ती ऐकून आम्ही चकित झालो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'स्कायरिम' हा अमेरिकेच्या बेथेस्डा कंपनीने ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणलेला काल्पनिक जगातला भूमिकेचा खेळ. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचे आणि त्याचे आयुष्य जगायचे. सुरुवातीला तुम्ही कैदी असता. हात बांधून गाडीतून वधस्तंभाकडे नेत असतात. तेथे शिपाई विचारतो, तू कोण? त्या क्षणी तुम्ही तुमचा वंश निवडायचा. दहा वंश आहेत. गोरे, धिप्पाड नॉर्ड हे त्या भूमीचे मालक म्हणवणारे. मग इम्पीरियल, ब्रेटन, रेडगार्ड, तीन जातींचे एल्फ, हिरवट अंगाचे ऑर्क, मांजरासारखे खाजीत आणि सरड्यासारखे आर्गोनियन. निवड झाली की पात्राचे नाव ठेवायचे. "सर, आडनाव कोणीच विचारत नाही," असे त्या मुलीने हसत सांगितले. त्या हसण्यात काय होते ते आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

जन्माने काय मिळते? खेळात अठरा कौशल्ये आहेत. तलवार, ढाल, जादू, लोहारकाम, बोलण्याची हातोटी वगैरे. प्रत्येकाची सुरुवात पंधरापासून. वंशाप्रमाणे एका कौशल्यात दहा गुण जास्त आणि पाच कौशल्यांत पाच-पाच गुण जास्त. म्हणजे कोणत्याही वंशात जन्म घ्या, बेरीज सारखीच. त्यापुढे मात्र नियम असा की, जे काम कराल ते कौशल्य वाढेल. हातोडा चालवाल तर लोहारकाम येईल, मंत्र वापराल तर मंत्रविद्या येईल. आणि शंभराची मर्यादा सर्वांना एकच. नाशिकला शिकणारा तरुण म्हणाला की, सुरुवातीचे पाच-दहा गुण पुढे कुठल्या कुठे जातात, ऑर्क उत्तम जादूगार होतो आणि एल्फ उत्तम लोहार. आमच्याकडे ज्यांना पिढ्यान् पिढ्या पाचशे गुण फुकटात मिळाले, ते आरक्षणाच्या नावाने बोटे मोडतात! गुणवत्तेची चर्चा करणाऱ्यांनी एकदा हा खेळ खेळून पाहावा, असे आम्ही सुचवतो.

पण खरी चर्चा पुढे होती. या खेळात विंडहेल्म नावाचे एक दगडी तटबंदीचे शहर आहे. नॉर्ड लोकांची जुनी राजधानी. तेथे तुम्ही वेशीतून आत शिरता तोच दोन नॉर्ड एका काळ्या एल्फ स्त्रीला दरडावताना दिसतात. हे एल्फ ज्वालामुखीच्या उद्रेकाने देशोधडीला लागून आलेले निर्वासित. त्यांना शहराच्या एका कोंदट भागात कोंबले आहे, त्याला 'ग्रे क्वार्टर' म्हणतात. रात्री दारू पिऊन त्या गल्लीत शिव्या घालत फिरणारा इसमही तेथे आहे. आर्गोनियनांची तऱ्हा त्याहून वाईट. त्यांना तटाच्या आत राहायलाच बंदी. ते खाली नदीकाठच्या धक्क्यावर राहतात, जहाजांतला माल उतरवतात, आणि त्यांना नॉर्ड मजुराच्या एक दशांश मजुरी मिळते. खाजीत हे फिरते व्यापारी. चोर आणि तस्कर असल्याचा शिक्का त्यांच्या जन्मावरच बसलेला, म्हणून कोणत्याही शहरात त्यांना प्रवेश नाही; ते वेशीबाहेर पाले ठोकून माल विकतात.

हे वर्णन ऐकून भिल्ल समाजातला तो तरुण म्हणाला, "हाई ते आपलंच गाव शे." त्यावर कोणी हसले नाही.

अमेरिकेत बसून हा खेळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपले गावकूस नसणार. पण गावकुसाबाहेरची वस्ती, कमी मजुरी, आणि जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का ही तिन्ही हत्यारे त्यांना बरोबर सापडली. खाजितांची पाले पाहून आम्हाला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवला. तो १९५२ साली रद्द झाला, तरी पारध्यांच्या पालावर पोलिसांची गाडी जायची थांबली काय? आणि धक्क्यावरच्या मजुरांची मजुरी! खेळात खेळाडूने मालकाला गाठून राजी केले की मजुरी वाढते. दोन मिनिटांचे काम. शहादा तालुक्यात सालदारांची मजुरी आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी यांसाठी अंबरसिंग महाराजांना गावोगाव फिरावे लागले, १९७२ साली श्रमिक संघटना उभी करावी लागली, मोर्चे काढावे लागले, बायाबापड्यांनी तुरुंग पाहिले. कोणी वीर येऊन दोन शब्द बोलला आणि मालक विरघळला, असे येथे घडलेले आम्हाला ठाऊक नाही.

खेळाडूंमध्ये यावर मतभेद होते. दुकानात काम करणाऱ्याचे म्हणणे असे की, करमणुकीसाठी खेळायचे, त्यात गाव कशाला आणायचा? तो नेहमी नॉर्ड होतो, कारण गोष्टच नॉर्ड लोकांची आहे. नाशिकवाला नेहमी ऑर्क घेतो, अंगात ताकद असते म्हणून. आर्गोनियन कोणी होता काय, असे आम्ही विचारले. फक्त ती मुलगी झाली होती. आणि तिने जे सांगितले ते ऐकण्यासारखे आहे.

ती म्हणाली, "सर, मी मुद्दाम आर्गोनियन घेऊन विंडहेल्मला गेले. मला वाटले वेशीवर अडवतील. कोणी अडवलेच नाही. सरळ आत गेले, खानावळीत बसले, पुढे तिथे घरसुद्धा विकत घेतले. आणि माझ्याच लोकांना खाली धक्क्यावर झोपावे लागते."

हे तिचे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. त्या खेळात जातीचे नियम आजूबाजूच्या पात्रांना लागू होतात, खेळाडूला नाही. आर्गोनियन वा खाजीत होऊन खेळलात तर कोणी टोमणा मारेल, पण दार बंद होत नाही. त्याच शहराच्या राजाच्या बंडखोर सैन्यात तुम्हाला भरती होता येते, तेथील सरदारकीही मिळते. म्हणजे अन्याय हा देखावा आहे आणि नायक त्या देखाव्यातून फिरणारा पाहुणा आहे. तो दया दाखवील, एखाद्याची मजुरी वाढवून देईल, पुढच्या गावाला निघून जाईल. तटाची भिंत मात्र खेळ संपेपर्यंत उभीच राहते. धक्क्यावरची माणसे आत राहायला येत नाहीत, कारण तसा पर्यायच लिहिलेला नाही.

आमच्याकडे नायकाला सूट नव्हती. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत आडोसा घेतला, तर लाठ्या घेऊन लोक तेथेही आले. बडोदे आमच्या नंदुरबारपासून काही फार लांब नाही. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दारे बंद करून घेण्यात आली. शिक्षण वाढले, पदवी वाढली, म्हणून कोणी वेशीतून सरळ आत सोडले नाही. एखाद्या खेळाला जात दाखवायचीच असेल तर त्याने ही गोष्ट दाखवावी.

या खेळांचे मूळ कागदावर खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात बुटक्या ड्वार्फ वंशाला मंत्रविद्या शिकण्यास मनाई होती, आणि माणसाखेरीज इतर वंशांनी बहुतेक विद्यांत अमुक पायरीच्या वर चढायचे नाही, अशी मर्यादा घातलेली होती. शंबूकाची कथा ठाऊक असलेल्या वाचकांना हा नियम परका वाटणार नाही. २००० सालच्या आवृत्तीत ही बंदी गेली, पण अर्ध्या ऑर्कची बुद्धी जन्मतः दोन गुणांनी कमी, हे राहिलेच. पुढे खेळाडूंनीच ओरड केली. ऑर्क हे जन्मतः दुष्ट का, काळ्या कातडीचे एल्फ जन्मतः कपटी का, असे प्रश्न विचारले गेले. २०२० साली कंपनीने चुका मान्य केल्या व जन्माचे गुण हवे तेथे वळवण्याची मुभा दिली. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्दच काढला आणि वाढीव गुण जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे त्याने काय काम केले, काय शिकले, याला जोडले. २०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या बेल्जियमच्या लॅरियन कंपनीच्या गाजलेल्या खेळातही वाढीव गुण कोणत्याही वंशाला कोठेही घेता येतात. यावर काही जुने खेळाडू चिडले. खेळातली मजा गेली, सगळे सारखेच झाले, असे म्हणू लागले. सगळे सारखे झाले की ज्यांची मजा जाते, असे लोक आपल्याही ओळखीचे आहेत. पण पन्नास वर्षांत एका खेळाचे शास्त्र दुरुस्त झाले. ते कोणी आकाशातून आलेले मानले नव्हते, म्हणून दुरुस्त झाले.

आणि आपल्या देशात? २००८ साली 'फॉलआउट ३' हा खेळ मायक्रोसॉफ्टने भारतात आणला नाही. कारण दिले 'सांस्कृतिक संवेदनशीलता'. त्या खेळात दोन डोक्यांच्या गुराला 'ब्राह्मिन' म्हणतात, म्हणून हे घडले असावे अशी तेव्हा चर्चा होती. गुराच्या नावाची एवढी काळजी! पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा 'राजी' हा साहसी खेळ २०२० साली जगभर गेला. डोंबाऱ्याच्या खेळाप्रमाणे कसरती करणारी अनाथ मुलगी त्यात नायिका आहे, चित्रे देखणी आहेत, आणि मराठी मातीतल्या मुलांनी तो केला याचा आम्हाला आनंदच आहे. पण ती मुलगी देवांच्या आशीर्वादाने लढते कोणाशी? असुरांशी. आणि त्यांच्या म्होरक्याचे नाव महाबलासुर! बळीचे राज्य येवो म्हणून ज्या भूमीत आयाबहिणी ओवाळतात, ज्या भूमीत जोतीरावांनी १८७३ सालीच 'गुलामगिरी' लिहून असुर-राक्षस म्हणजे कोण याचा उलगडा केला, तेथल्या पहिल्या मोठ्या खेळातही मारायला असुरच सापडावेत? येथे मात्र कोणाची संवेदनशीलता दुखावली नाही.

भूमिका घेणे आम्हाला नवे नाही. तमाशात राजाचा पार्ट करणारा कलावंत महारा-मांगाचाच असे. रात्री तो सिंहासनावर बसे, गावचा पाटील समोर जमिनीवर बसून टाळ्या वाजवी, आणि सकाळी तोच राजा भाकरी मागायला पाटलाच्या ओट्याखाली उभा राही. सोंग उतरले की जात पुन्हा अंगावर. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशाने सोंगच बदलले. राजाचा पार्ट सोडून माणसाचा पार्ट केला. आजचा तरुण रात्री नॉर्ड असतो. मोबाईलवरच्या खेळात अनोळखी साथीदारांशी बोलताना, त्या मुलांनीच सांगितले, कोणी पूर्ण नाव विचारले की ते खोटे आडनाव सांगतात किंवा आवाज बंद करतात. खरे सांगितले तर पुढच्या शिव्या कशावरून येतील हे त्यांना ठाऊक आहे.

आम्ही त्यांना विचारले, तुम्हीच खेळ केला तर कसा कराल? नाशिकवाल्याने लगेच प्रकाशाचे टेकाड सांगितले. खाली उतरत जायचे, एकेक थर, सर्वांत खाली पोहोचले की पहिली वस्ती. भिल्ल तरुणाला सातपुड्यातली होळी हवी होती आणि सालदाराचा नायक. दुकानवाला म्हणाला, त्यात घोडाही पाहिजे, सारंगखेड्याच्या बाजारातला. मग वाद वेशीवर आला. नायकाला वेशीवर अडवायचे की नाही?

"अडवले तर मी खेळ तिथेच बंद करीन," दुकानवाला म्हणाला. "दिवसभर तेच, रात्री पुन्हा तेच कशाला?"

"तू बंद कर," मुलगी म्हणाली. "ज्यांना कधी कोणी अडवले नाही, ते खेळतील ना. त्यांच्यासाठी दार बंदच ठेवायचे."

"आणि मग ते दार उघडते कसे?" नाशिकवाल्याने विचारले.

"एकट्याने नाही उघडत," ती म्हणाली. "धक्क्यावरचे सगळे गोळा केल्याशिवाय बटणच चालत नाही, असे लिहायचे."

दुकानवाल्याला ते पटले नाही. एवढी माणसे एका वेळी दाखवायची तर त्यांचा जुना संगणक बंद पडेल, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यावर दोघेजण संगणकाची मेमरी किती लागेल याचा हिशेब करू लागले.