बारा व्होल्ट, दोन अँप

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात सगळ्यात दुर्लक्षित काय असेल, तर पॉवर सप्लाय. सेन्सर कुठला घ्यायचा यावर रात्री-रात्री चर्चा होते, डब्याला रंग कुठला द्यायचा यावरही होते. सर्किटला वीज कुठून द्यायची हे मात्र घरात हाताला लागेल त्या अ‍ॅडॅप्टरवर भागवलं जातं. मग बोर्ड अधूनमधून रीसेट होतो, डिस्प्ले लुकलुकतो आणि आठवडाभर प्रोग्रॅममधली चूक शोधली जाते.

शेजारची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला गच्चीवरच्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र करायचं होतं. मातीतला ओलावा बघणारा सेन्सर, वायफायवाला ईएसपी-३२ बोर्ड, बोटभर ओएलईडी डिस्प्ले, एक रिले आणि बारा व्होल्टचा लहानसा पंप. सगळं माझ्या टेबलावर मांडून तिनं विचारलं, "काका, घरात एक अँपचाही अ‍ॅडॅप्टर आहे आणि दोन अँपचाही. दोनचा लावला तर जळेल का हो?"

हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की त्याचं उत्तर अ‍ॅडॅप्टरच्या खोक्यावरच छापायला हवं. व्होल्ट किती ते अ‍ॅडॅप्टर ठरवतो, अँप किती ते सर्किट ठरवतं. गच्चीवरची टाकी हजार लिटरची आहे म्हणून नळ उघडला की पेल्यात हजार लिटर येत नाही. तेव्हा व्होल्ट जुळायलाच हवेत, अँप मात्र लागतील तितके किंवा जास्त असले की झालं. जास्तीच्या अँपची धास्ती एकाच वेळी, कुठे शॉर्ट झालं तर. त्यासाठी पन्नास पैशांची कंजुषी न करता एक फ्यूज टाकावा.

म्हणजे विचारायचं ते सर्किटला, आणि सर्किटला सरासरी विचारून चालत नाही. त्याची सगळ्यात हावरी घटका कोणती, हे विचारायचं. माझ्या मते सप्लाय निवडण्याचं नव्वद टक्के काम एवढंच आहे आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

आम्ही कागद घेतला. ईएसपी-३२ एरवी शंभर-दीडशे मिलीअँपवर चालतो, पण वायफायवर काही पाठवताना क्षणभर झेप घेतो. बनवणारी कंपनीच त्याला ५०० मिलीअँप किंवा त्याहून अधिक देऊ शकणारा पुरवठा द्या म्हणते. ही झेप साध्या मल्टीमीटरला दिसत नाही. तो सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि झेप असते मिलिसेकंदांची. म्हणून इथे मोजलेला आकडा बाजूला ठेवून डेटाशीटमधला धरायचा. निळ्या डबीतल्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० ओहमची, म्हणजे साधारण ७० मिलीअँप. डिस्प्ले आणि सेन्सर मिळून तीसएक. पाच व्होल्टच्या बाजूला ६०० मिलीअँप धरले.

पंपाची गंमत वेगळी. चालू असताना मीटर ०.६ अँप दाखवत होता. ती लगेच ०.६ लिहायला गेली. मी म्हटलं, थांब, आता तो बंद असताना मोज. पंपाच्या दोन टोकांना ओहम मीटर लावला आणि आस बोटानं हळूहळू फिरवला. ब्रश एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना आकडा हलत होता. सगळ्यात कमी आला तो ४ ओहम. बारा भागिले चार, तीन अँप. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंट उतरतो. पण सुरू होण्याच्या क्षणी ती म्हणजे निव्वळ चार ओहमची तार. ०.६ आणि ३. तिनं दोन्ही आकडे लिहिले आणि ३ खाली दोन रेघा ओढल्या.

आता ही वीज आणायची कशातून?

माझ्या पिढीचं पहिलं उत्तर ट्रान्सफॉर्मर. आम्ही शिकलो ते रेडिओला सेलऐवजी लावायच्या एलिमिनेटरवर. तीन व्होल्टपासून बारा व्होल्टपर्यंत फिरणारा खटका आणि टोकाला चार तोंडांची पिन. तसला एक ९ व्होल्ट, ५०० मिलीअँपचा ठोकळा माझ्याकडे अजून आहे. तिच्यासमोर तो बोर्डात लावून मीटर टेकवला, तर साडेतेरा व्होल्ट. ती बघतच राहिली. छापलेले ९ व्होल्ट हे पूर्ण भार असतानाचे; भार नसताना आतला कपॅसिटर शिखरापर्यंत भरून बसतो. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपच्या जमान्यात असा ठोकळा थेट कशाला जोडू नये.

रेग्युलेटर लावून जोडता येतो, पण तिथेही गणित आडवं येतं. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर शिखर १२.७, ब्रिजच्या दोन डायोडांत १.४ गेले, उरले ११.३. सगळ्या पुस्तकांतल्या आकृत्यांत पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कपॅसिटर दर दहा मिलिसेकंदांनी भरतो. तेवढ्या वेळात ०.६ अँप ओढले तर तो ६ व्होल्टनं खाली येतो. राहिले ५.३. आणि ७८०५ रेग्युलेटरला पाच व्होल्ट काढायला आत किमान सात लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेटर हात टेकणार आणि मीटर मात्र सरासरी दाखवून सगळं ठीक आहे म्हणणार. माझ्या जुन्या ऑसिलोस्कोपवर तिला तो करवती दातेरी आकार दाखवला. ४७०० मायक्रोफॅरडचा लावल्यावर दाते सव्वा व्होल्टवर आले.

मग ती म्हणाली, बारा व्होल्टचा रेडीमेड अ‍ॅडॅप्टर घेऊन त्यापुढे ७८०५ लावू. कॉलेजात सगळे तेच करतात. करू देत. बाराचे पाच करताना उरलेले सात व्होल्ट ७८०५ उष्णता करून टाकतो, दुसरं काही त्याला येतच नाही. सरासरी ०.२ अँप धरले तरी १.४ वॅट. हीटसिंकशिवाय त्या काळ्या तीनपायी तुकड्याचं तापमान दर वॅटला सुमारे ६५ अंश चढतं. १.४ ने गुणलं की ९१ अंश. गच्चीवरच्या बंद डब्यात पुण्याच्या एप्रिलमधले चाळीस मिळवा, १३१. त्याची मर्यादा १२५ अंशांची. जळणार नाही, कारण आत संरक्षण आहे. तापला की बंद पडेल, निवला की चालू होईल. भर दुपारी झाडांना पाणी हवं असताना यंत्र झोपलेलं आणि संध्याकाळी तपासायला जावं तर ठणठणीत. असा दोष शोधणं फार वाईट.

म्हणून बारा व्होल्टचा स्विचिंग अ‍ॅडॅप्टर आणि पाचसाठी एलएम २५९६ चं बक मॉड्यूल, असं ठरलं. बक मॉड्यूल व्होल्ट उतरवताना जाळत नाही. सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद करून कॉइलमधून गरजेपुरतं पुढे देतं. पाच व्होल्टला ०.६ अँप म्हणजे ३ वॅट. थोडी घट धरून बारा व्होल्टच्या बाजूला ०.३ अँप. पंपाचे ०.६ मिळवून ०.९. एक अँपचा अ‍ॅडॅप्टर काठावर पास. काठावरचं मला चालत नाही. दोन अँपचा.

पुण्यात अशी खरेदी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास; मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. पिशवीत मी मल्टीमीटर आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचे १० वॅटचे दोन बल्ब टाकले होते. भार म्हणून यांच्याइतकं स्वस्त काही नाही. एक बल्ब ०.८ अँप, दोन मिळून दीडच्या वर. शिवाय थंड फिलामेंटचा रोध फार कमी असतो, त्यामुळे लावल्या क्षणी बल्बही मोटरसारखाच एकदम ओढतो.

"दादा, बारा व्होल्ट दोन अँप द्या."

"चांगला देऊ का साधा?"

"दोन्ही दाखवा."

दुकानदारानं भुवया उंचावल्या, पण गिऱ्हाईक कमी असल्यामुळे बल्ब लावू दिले. दोन्हींवर तेच छापलेलं : १२ व्होल्ट, २ अँप. भार नसताना दोन्हींवर मीटर बाराच्या आसपास. एक बल्ब लावल्यावर चांगला ११.९ वर राहिला, साधा ११.२. दुसरा बल्ब जोडला तेव्हा साधा दोनदा पिचकला, मग कसाबसा पेटून ९.८ वर स्थिरावला. चांगला अजूनही ११.९. "साध्याला दीडच धरायचा असतो," दुकानदार म्हणाला. दीडलाही तो टिकत नव्हता, पण वाद घालून काय करता.

चांगल्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं, आणि पिनेच्या मध्यभागी धन हे दाखवणारी छोटी आकृतीही. पिन बाहेरून साडेपाच मिलीमीटरची. आतलं भोक २.१ की २.५, हे सॉकेट घेऊनच तपासावं. २.१ च्या खिळीवर २.५ ची पिन बसते, लागल्यासारखी वाटते आणि धक्का लागला की सुटते.

साधाही घेतला, उघडून बघायला. इनपुटला फ्यूज नाही. २३० व्होल्टची बाजू आणि बारा व्होल्टची बाजू यांच्यामध्ये बोर्डावर जी मोकळी पट्टी चांगल्या अ‍ॅडॅप्टरात पाच-सहा मिलीमीटर किंवा अधिक रुंद असते, ती इथे जेमतेम दोन. आणि या दोन बाजूंना जोडणारा निळा कपॅसिटर साध्या प्रकारचा, त्यावर 'वाय' वर्गाची खूणच नाही. दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरला जोडलेल्या धातूला हात लावल्यावर कधी कधी मुंग्या येतात त्या याच कपॅसिटरमधून. 'वाय' वर्गाचा असेल तर गळती मोजकी राहते आणि बिघडला तरी तो शॉर्ट होऊ नये अशी त्याची रचना असते. साधा कपॅसिटर शॉर्ट झाला, तर त्या बारा व्होल्टच्या तारेवर घरातली वीज येईल. आणि आपली तार जाणार ओल्या मातीत. (असले अ‍ॅडॅप्टर उघडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसून असू शकतात.)

म्हणूनच अ‍ॅडॅप्टर जिन्याच्या आत ठेवायचा आणि गच्चीवर फक्त बारा व्होल्ट न्यायचे, यावर मी अडून बसलो. तिला पाच व्होल्टची दुसरी तारही आतूनच न्यायची होती. दहा मीटर अंतर, अर्ध्या चौरस मिलीमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन वीस मीटर : ०.७ ओहम. ०.६ अँपला ०.४ व्होल्ट रस्त्यात जातात. बारातून ०.४ गेलेले कळतही नाहीत. पाचातून गेले तर ४.६ उरतात, आणि वायफायच्या झेपेला बोर्ड कुरकुरायला लागतो. तेव्हा बारा वरपर्यंत न्यायचे, पाच तिथेच करायचे.

बक मॉड्यूल आधी नुसतंच जोडलं. त्यावरच्या निळ्या ठोकळ्यातला पितळी स्क्रू बरेच वेढे घेतो. नवं मॉड्यूल किती व्होल्टवर असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ५.० दिसेपर्यंत ईएसपी-३२ लांबच ठेवला. मग सगळं जोडलं. वायफाय लागलं, डिस्प्लेवर ओलावा दिसला, रिले टिकटिकला, पंप घुरघुरला आणि बोर्ड रीसेट झाला. लॅपटॉपवर ओळ आली, ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड.

तीच ती दोन रेघांची ३. दोन अँपचा अ‍ॅडॅप्टर क्षणभर तीन अँपला सामोरा गेला, त्यानं व्होल्टेज खाली सोडलं, शिवाय तारेत दोन व्होल्ट गेले. पाच अँपचा अ‍ॅडॅप्टर हा एक उपाय. पण तारेतली घट त्यानं थोडीच जाणार? आम्ही दुसरा केला. बक मॉड्यूलच्या तोंडाशी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या आधी एक १एन५८१९ डायोड, म्हणजे पंपाला तो कपॅसिटर मागच्या दारानं उपसता येत नाही. ०.३ अँपला तीस मिलिसेकंदांत कपॅसिटर ४ व्होल्ट उतरतो. बाराचे आठ झाले तरी बक मॉड्यूल पाच देतं. पंपाला उलटा १एन४००७ लावला, रिले बंद होतानाची ठिणगी शमवायला. त्यानंतर पंप कितीही वेळा चालू-बंद केला तरी बोर्ड ढिम्म.

आता तिच्या यंत्राची कीर्ती सोसायटीत पोचलीय आणि खालच्या बागेसाठी सहा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणलेत. त्यांवर लिहिलंय : २४ व्होल्ट एसी. बक मॉड्यूल इथे उपयोगाचं नाही. या कॉइलला डीसी दिला तर एसीला होणारा विरोध नाहीसा होतो, उरतो तारेचा नुसता रोध, आणि कॉइल तापून मरते. तेव्हा पुन्हा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, आणि तो घराच्या आत. किती व्हीएचा, असं सेक्रेटरींनी विचारलं. सहाही व्हॉल्व्ह एकदम उघडायचे का एकेक करून, असं तिनं त्यांना उलट विचारलंय. तो विषय पुढच्या मीटिंगला घेणार आहेत.