छाटणीच्या कात्रीस घरीं धार लावणें

द्राक्षबागेंत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी अशी वर्षांतून दोनदां कात्री हातीं येते. पातें बोथट असल्यास काडी कापली न जातां चेंगरते. ठेंचलेली जखम लवकर सुकत नाहीं व तींतून रोग शिरतो.

पुष्कळ बागाईतदार कात्री फिरत्या चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊन मोकळे होतात. आम्हांस हें पसंत नाहीं. कोरड्या चाकावर पातें तापतें, आणि कडेवर निळसर छटा आली कीं पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें. शिवाय तो मनुष्य दोन्ही अंगांनीं घासतो, हा अनर्थ मोठा. कापणाऱ्या पात्यास एकाच अंगास उतार असतो; दुसरें अंग सपाट असून तें खालच्या आंकड्यास चिकटून सरकतें. तें अंग झिजलें कीं दोहोंत फट पडते व काडी तींत दुमडते. आंकड्यास तर धार लावूंच नये.

खिळा सोडवून पातें वेगळें करावें व चीक राकेलनें पुसावा. ओल्या निसण्यावर मूळचा उतार, बहुधा २० ते २५ अंश, राखून मुळाकडून टोंकाकडे घासावें. सपाट अंगास लोखंडाची बारीक कोर बोटास लागेल. पातें निसण्यावर पूर्ण टेकवून एकदोन हलक्या ओढींत ती काढावी. खिळ्यास शिवणयंत्राचें तेल द्यावें; खाण्याचें तेल पुढें चिकट होतें. नंतर कागदाची पट्टी कापून पाहावी. पात्याच्या टोंकापर्यंत ती न फाटतां कापली गेली पाहिजे.