प्रौढ वयात ‘द लायटनिंग थीफ’
भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडीत, बाहेर मिठागरे मागे पडत असताना, माझ्यासारख्या पोक्त इसमाने रिक रायॉर्डन यांची २००५ सालची ही बालकादंबरी उघडावी, याचे सहप्रवाशांना नवल वाटते खरे. परंतु ग्रीक देवांच्या ऑलिंपसला एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर नेऊन बसवणाऱ्या त्या प्रतिभेतील मिश्किलपणा प्रौढांनाच अधिक उमगावा. ज्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे तरंगतात असा, शाळाशाळांतून हकालपट्टी झालेला नायक पर्सी हा समुद्रदेव पोसायडनचा पुत्र. आणि डिस्लेक्सिया असलेल्या स्वतःच्या मुलाला निजताना सांगितलेल्या कथांतून लेखकाने तो घडवला, हे ठाऊक झाल्यावर पित्याचे वात्सल्य पानोपानी जाणवते. मुले सर्पकेशी मेडूसाला भितील. मला मात्र मृतात्म्यांना पैलतीरी नेणारा, पगारवाढीसाठी कुरकुरणारा कॅरॉन, कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा, फार जवळचा वाटला.