नोंदवहीपासून वेब ॲपपर्यंत : शालेय ग्रंथालयाचा एक प्रकल्प

संगणकाचे शिक्षण म्हणजे टंकलेखन आणि एखादे प्रमाणपत्र, असा समज ग्रामीण भागात अद्यापही आढळतो. वस्तुतः दुसऱ्याने केलेले साधन वापरणे हे शिक्षणाचे पहिले पाऊल होय. तसे साधन स्वतः घडविणे हे दुसरे. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींनाही हे दुसरे पाऊल टाकता येईल, असा एक प्रकल्प म्हणजे शालेय ग्रंथालयाचे वेब ॲप. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडणारा, माहिती साठवून विचारताच ती पुढे ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे वेब ॲप.

त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याच राज्यात तयार झाली आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने ‘ईआरपीनेक्स्ट’ हे उद्योगव्यवसायांचे कामकाज व हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले. त्याचा पाया असलेली ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ही मोफत उपलब्ध असून, तिच्या पाठमालेत नवशिक्यांकडून ग्रंथालयाचेच ॲप करवून घेतले जाते.

पहिली पायरी आखणीची. पुस्तक, सभासद, सभासदत्व आणि देवघेव अशा चार नोंदी स्वतंत्रपणे आखाव्या लागतात. ग्रंथपालाच्या नोंदवहीत जसे रकाने असतात, तसेच हे रकाने. ते ठरविले की माहितीसाठ्यातील तक्ता आपोआप तयार होतो. नोंदी वेगळ्या ठेवण्याचे कारण साधे आहे. प्रत्येक देवघेवीत नाव नव्याने लिहिले, तर एकच विद्यार्थी दोन प्रकारे लिहिला जाऊन दोन व्यक्ती ठरतो. म्हणून नाव एकदाच नोंदवून बाकी ठिकाणी त्याच्याशी जोडणी करावयाची.

दुसरी पायरी नियमांची. बाहेर गेलेले पुस्तक पुन्हा देता येऊ नये, सभासदत्वाची मुदत संपलेल्यास नवे पुस्तक मिळू नये, हे नियम पायथॉन या संगणकभाषेत लिहितात. मुदत ज्या दिवशी संपते, तो दिवस मुदतीत धरावयाचा की नाही? संगणकाला मोघम उत्तर चालत नाही. तोंडी नियम माणूस पाहून सैल होतो. येथे तो सर्वांना सारखा लागू करावा लागतो.

तिसरी पायरी ॲप सर्व्हरवर चढविण्याची. स्वतःच्या संगणकावर केलेले ॲप तो संगणक बंद होताच थांबते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा संगणक. आरंभी शाळेच्याच एका संगणकावर लिनक्स घालून, आवारातील वाय-फायवर ॲप चालविता येते. पुढे सर्व्हर भाड्याने घ्यावा, पत्ता नोंदवावा; सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून विनामूल्य मिळते. माहितीची प्रत नियमितपणे दुसरीकडे जपून ठेवावी.

ॲप बाहेर गेले की खरी जबाबदारी सुरू होते. पुस्तकांची यादी जगाला दिसली तरी हरकत नाही. वसतिगृहातील मुलगी काय वाचते, हे मात्र दिसता कामा नये. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. जात, घरचा पत्ता, आधार क्रमांक यांची पुस्तकांच्या देवघेवीला गरज नसते; म्हणून त्यांचे रकानेच ठेवू नयेत. जी माहिती साठविलीच नाही, ती चोरीला जात नाही. सराव करताना तर काल्पनिक नावेच वापरावीत.

पुण्या-मुंबईत संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीचे दोन-चार दिवस दिले, तर नववी-दहावीच्या मुलामुलींना या पायऱ्या प्रत्यक्ष शिकता येतील. पालकांनीही मुलांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : तुमच्या ॲपमध्ये आमच्याविषयी काय नोंदले आहे, आणि ते कोणाला दिसते?