रेडिओ लहरी, आयनांबर आणि पावसाची एक अफवा

पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडले, काळू नदी पात्राबाहेर आली की आमच्या शहापूर-मुरबाड परिसरातील मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो : परदेशातील प्रचंड रेडिओ यंत्रे आकाशात लहरी सोडून हा पाऊस पाडीत आहेत. पालकसभेतही हा प्रश्न आम्हांला विचारला जातो. विचारणाऱ्याची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु या अफवेच्या पोटात सत्याचा एक कण आहे, आणि तो वेगळा काढून दाखविल्याशिवाय अफवा खोडता येत नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने सांगण्याची रीतही इतिहासाचीच ठेवतो.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संकेत पोहोचल्याचे जाहीर केले. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या. मग त्या वळल्या कशा? उंच आकाशात विद्युतवाहक थर असला पाहिजे, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये मांडला आणि १९२४ मध्ये अ‍ॅपल्टन यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. हेच आयनांबर. ते सुमारे ६० किलोमीटर उंचीपासून वर शेकडो किलोमीटर पसरलेले आहे. सूर्याचे अतिनील व क्ष-किरण तेथील विरळ हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सोडवून घेतात. मोकळे इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले धनभारित आयन यांच्या अशा मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात.

येथे एका नावाचा उल्लेख टाळणे आम्हांस शक्य नाही. उष्णतेने अणूंचे आयन किती प्रमाणात होतात, याचे समीकरण १९२० मध्ये डॉ. मेघनाद साहा यांनी जगाला दिले. पुढे अलाहाबादला असताना त्यांनी आयनांबराचाही अभ्यास केला. याच साहांना विद्यार्थिदशेत कोलकात्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात, कनिष्ठ मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे, इतरांच्या पंक्तीत जेवू दिले जात नव्हते. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आता रेडिओकडे वळू. दिवसा खरखरणारी दूरची मध्यम लहरींवरील केंद्रे रात्री स्वच्छ लागतात, हे जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर जवळजवळ विरून जातो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आपल्या नागपुरात १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १००० किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावर सुरू झाली, ती रात्रीची वाहिनी होती, त्यामागे निसर्गाची हीच सोय होती.

येथवर आकाश हे नुसते आरशासारखे वाटते. १९३३ साली युरोपात वेगळेच काही ध्यानात आले. नेदरलँड्समधील आइंटहोवन येथे टेलेगेन हे अभियंते स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते. त्या कार्यक्रमाच्या मागे त्यांना लक्झेंबर्ग केंद्राचा कार्यक्रमही ऐकू येऊ लागला. दोन्ही केंद्रांच्या वारंवारता एकमेकींपासून खूप दूर होत्या, म्हणजे दोष रेडिओसंचाचा नव्हता. लक्झेंबर्गचे केंद्र दीर्घ लहरींवरचे, त्या काळाच्या मानाने अतिशक्तिशाली, आणि स्वित्झर्लंडहून येणाऱ्या लहरींच्या वाटेवर वसलेले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील बेली आणि मार्टिन यांनी याचा उलगडा केला.

म्हसा यात्रेतील दाट गर्दी डोळ्यांसमोर आणा. एक जोरदार ढोलपथक त्या गर्दीत शिरते आणि माणसे ठेक्यावर हलू लागतात. त्याच वेळी एखादा वाटसरू मुकाट्याने आडवा निघाला, तर त्यालाही ढोलाच्या तालावर धक्के बसतात. आयनांबरात गर्दी असते ती इलेक्ट्रॉनांची. शक्तिशाली लहर त्यांना झुलविते, ते तापतात आणि हवेच्या रेणूंवर अधिक वेळा आदळतात. टक्कर वाढली की तेथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीचे शोषणही बदलते. गाण्याचा आवाज चढेल-उतरेल तसे हे तापणे-निवणे चालू राहते आणि दुबळी लहर सबळ लहरीचे गाणे अंगावर घेऊन पुढे जाते. लहरीची वारंवारता कमी असेल, तर इलेक्ट्रॉनाला एका दिशेने धक्का अधिक वेळ मिळतो. म्हणूनच हा परिणाम दीर्घ लहरींमध्ये ठळकपणे आढळला.

याहूनही कमी वारंवारतेच्या लहरी पाणबुड्यांशी संपर्कासाठी वापरतात, कारण त्या समुद्राच्या पाण्यात काही अंतर शिरतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे असेच केंद्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केप येथील १९.८ किलोहर्ट्झच्या, १००० किलोवॅटच्या केंद्रावरून जाताना फ्रान्सच्या डेमेटर उपग्रहाला सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरही प्लाझ्मा ढवळलेला आढळला. अफवेतील सत्याचा कण तो हाच : माणसाच्या लहरी आयनांबरात खळबळ माजवितात.

पण पाऊस? आपले पावसाचे ढग फार तर १५ ते १८ किलोमीटर उंच जातात. ही खळबळ त्याच्या कितीतरी वर. शिवाय तेथे अब्जावधी रेणूंमागे एखादाच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. तो तापला तरी भोवतालची हवा तापत नाही आणि प्रक्षेपक बंद होताच खालच्या थरातला इलेक्ट्रॉन क्षणार्धात निवतो. अलास्कातील ज्या ‘हार्प’ केंद्राचे नाव संदेशांत घेतले जाते, ते तर उच्च वारंवारतेचे, ३६०० किलोवॅटचे संशोधनकेंद्र आहे; त्याच्या लहरी ढगांतून विशेष न शोषल्या जाता पार निघून जातात. आपला पाऊस अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला अडते म्हणून पडतो. पुराचे कारण शोधावयाचे तर ते नदीपात्रातील भरावात आणि उघड्या पडलेल्या डोंगरउतारांत शोधावे. आकाशाकडे बोट दाखविल्याने या प्रश्नांची उत्तरे कोणालाच द्यावी लागत नाहीत, म्हणूनच ही अफवा आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही.

आयनांबर ढवळणारे एक केंद्र मात्र दरवर्षी आपल्या डोक्यावरच सुरू होते. ते म्हणजे वीज. तिच्यातून कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी मोठ्या प्रमाणावर निघतात आणि त्या आयनांबराचा खालचा भाग तापवितात. मे महिन्यातील संध्याकाळी मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून ठेवा; माळशेजच्या बाजूला वीज चमकताच तो कडकडेल. तेथून गडगडाट पोहोचेपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले, तर वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. सेकंद तिसांहून कमी भरले, तर शेतातील माणसांनी झाडाखाली न थांबता पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहावे.