प्लॉट घेताना मैदानही विचारा

मेहकरात घर दोन रीतींनी वाढते. जुन्या गावात ते वर चढते. धाब्याची माती उतरवून स्लॅब टाकतात आणि थोरल्याचे लग्न ठरले की स्लॅबवर खोली उभी राहते. दुसरी रीत गावाबाहेरची. शेत अकृषक होते, चुन्याच्या रेघा पडतात आणि धाकटा लेआउटमध्ये प्लॉट घेतो. 2001 च्या जनगणनेत 37 हजारांवर असलेली मेहकरची लोकसंख्या 2011 मध्ये 45 हजारांपुढे गेली. ही वाढ अशीच सामावली गेली.

पण कुटुंबाला लागणारी सगळी जागा घरात कधीच नव्हती. दोन-तीन खोल्यांत आजी-आजोबा, काका, चुलत भावंडे मावत, कारण निम्मा संसार बाहेर चाले. कुरडया शेजारच्या धाब्यावर वाळत, लग्नाचे पाहुणे चार घरांत झोपत आणि आई शेतात गेली की लेकरू शेजारच्या काकूंच्या ओट्यावर खेळे. म्हाताऱ्यांची संध्याकाळ बालाजीच्या मंदिरात जाई. पैनगंगेकाठी तर जुनी धर्मशाळाही आहे. परक्या वाटसरूच्या निवाऱ्याचा विचारही या गावाने केला होता.

नव्या घराचे गणित वेगळे आहे. 2015 साली सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी 30 चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र धरले होते, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. लेकरू पाळण्यात असेपर्यंत एवढे पुरते. ते दहावीला गेले, त्याच वर्षी आजोबांना खाट लागली, की एकाला उठून बाहेर जावेच लागते. बाहेर ओटा नाही, झाड नाही, फक्त रस्ता असेल तर तो जाणार कुठे? मोबाइलमध्येच.

याची तजवीज नियमात आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये किमान दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. साध्या हिशेबात एकराला चार गुंठे. नकाशावर ती ‘ओपन स्पेस’ म्हणून दिसते. प्रत्यक्षात मात्र कोपऱ्यातला खड्डा, वाळूचा ढीग किंवा कुणाचे वाढीव कुंपण तिचा ताबा घेते. प्लॉट घेणारा रस्त्याची रुंदी विचारतो, नळ विचारतो, दिशा तर दोनदा विचारतो. ही जागा विचारत नाही.

म्हणून इसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा मागा, त्यातली मोकळी जागा पायी जाऊन पाहा आणि तिथवर लहान पोर एकटे जाऊ शकेल का, हे तपासा. राहायला गेल्यावर चार घरांनी मिळून ती साफ ठेवा, अतिक्रमण दिसले तर नगरपरिषदेत लेखी अर्ज द्या. खोली पुढेही चढवता येते. गेलेले मैदान परत मिळवणे फार अवघड असते.